बंद पडल्याशिवाय बोनेट उघडणार नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम लहानमोठ्या वाहनधारकांना, त्यांच्या सौभाग्यवतींना, आणि विशेषकरून मागच्या सीटवर बसून सूचना देणाऱ्या मातोश्रींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वारंगा फाट्यावरच्या एका मेकॅनिकने माझी गाडी दोन महिन्यांत सहा वेळा तपासली आणि सहाही वेळा तिचं बोनेट उघडलं नाही. निवेदन संपलं. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं. ज्यांना वेळ आहे त्यांनी बसावं, कारण त्या माणसाकडे गेलेल्या प्रत्येकाला आधी बसावंच लागायचं.

बसायला तिथे एस.टी.चं एक जुनं बाकडं होतं, तीन माणसांचं. दोन जागा गिऱ्हाइकांच्या आणि खिडकीकडची उस्तादांची. खिडकी अर्थातच नव्हती, पण ते खिडकीकडचीच जागा म्हणायचे आणि तिथे दुसरा कुणी टेकला तर उभेच राहायचे. त्यांना उस्ताद सगळेच म्हणायचे. सत्तरीचे, काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगात पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा. मेकॅनिकच्या अंगावर पांढरे कपडे बघून मी पहिल्या दिवशीच सावध व्हायला हवं होतं. त्या कुर्त्यावर ऑइलचा ठिपका मी कधी पाहिला नाही. ज्याला हातच लावायचा नाही त्याला डाग कुठून लागणार!

माझी गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली पांढरी, जुन्या कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. माझा हिंगोलीत फोटो स्टुडिओ आहे. मोबाइलने धंद्याचं जे करायचं ते केलं, पण लग्नं अजून होतात आणि लग्नाला कॅमेरा, दिवे, छत्र्या घेऊन जायला ही गाडी बरी पडायची. गावात फिरवा, दिवसभर फिरेल. मात्र हिंगोली सोडून तीसेक किलोमीटर गेलं की आधी दोन गचके, मग एक उसासा, आणि रस्त्याच्या कडेला समाधी. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. बाळापूरकडच्या एका तांड्यावरच्या लग्नात मी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरदेव जेवायला बसला होता. नवरीच्या बापाने मला शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "या भाऊ. आता भांड्यांचे फोटो काढा."

हिंगोलीतल्या मेकॅनिकांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर धुतला, फिल्टर बदलला, पेट्रोल पंपही बदलला. गाडी इमानेइतबारे तीस किलोमीटरवर बंद पडत राहिली. शेवटी एकाने हात जोडले आणि म्हणाला, "फाट्यावरच्या उस्तादकडं न्या. पण जेवून जा."

उस्तादांकडे पहिल्यांदा गेलो, चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"पेट्रोल हाय?"

"आहे की."

"किती हाय ते न्हाई इचारलं. समोरच्या पंपावर जा, थोडं टाकून या. उपाशी जनावर मी तपासत न्हाई."

हा त्यांचा पहिला नियम. गाडी ट्रक असो की रिक्षा, आधी समोरच्या पंपावर जायचं. मी गेलो, भरून आलो, बाकड्यावर बसलो. मग चौकशी सुरू झाली. गाडी कुणी घेतली? कधी? वडील कशानं गेले? गाडीत आधी कोण बसतं? बंद पडते तेव्हा गाणं चालू असतं का? घरात कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? मी म्हणालो, "उस्ताद, मला गाडी दुरुस्त करायची आहे, सोयरीक नाही जमवायची."

ते शांतपणे म्हणाले, "गाडी झूट बोलत न्हाई. मालक बोलतो. बराबर ना? म्हणून मालकाला आधी खोलून बघावं लागतं." आणि मग थेट माझ्या डोळ्यांत बघत: "ही बंद पडाया लागली त्याच्या आधी गाडीत नवीन काय केलं?"

"काही नाही."

"याद करा."

"काहीसुद्धा नाही, उस्ताद!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. हे वाक्य वाचकांनी जपून ठेवावं. मला ते पुढे फार महागात पडलं.

मग त्यांनी गाडी सुरू करायला लावली आणि हातातला चहाचा पेला बोनेटवर ठेवला. चहा ठेवायला जागा नव्हती म्हणून नव्हे, तर ती तपासणी होती. इंजिन चालू असताना चहावर कशा लहरी उठतात त्यावरून ते इंजिनाचं मन ओळखायचे. पाच मिनिटं दोघं त्या चहाकडे बघत उभे. शेवटी त्यांनी पेला उचलला, चहा पिऊन टाकला आणि निकाल दिला, "मस्त हाय गाडी. जा घेऊन."

"अहो, पण बंद पडते ना ती!"

"मग बंद पडू द्या. माझ्यासमोर बंद पडली का मी बोनेट खोलतो. चालत्या मशिनला पाना लावला म्हंजे तिचा बिघाड तसाच राहतो आन् माझ्या हातचा एक बिघाड वर जातो. तुमी फोटोवाले ना? माणूस हलून राहिला तर बटन दाबता का?"

"नाही."

"थांबता ना? मग मी बी थांबून राहिलो."

या माणसाला मूर्ख म्हणावं तर त्याच्या युक्तिवादात खोट सापडत नव्हती, आणि शहाणा म्हणावं तर गाडी परतीच्या वाटेवर कळमनुरीच्या पुढे बंद पडली. मी फोन लावला. उस्ताद खुशीत म्हणाले, "वा! आता हलवू नका. मी येऊन राहिलो." ते एका टमटममधून यायला निघाले आणि तासाभराने उतरले, तेव्हा गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर दवाखान्यात येताच खोकला थांबलेल्या पोराकडे पाहतात.

आता कुणी विचारेल की असल्या माणसाकडे परत गेलोच काहून? तर त्याची ख्याती. एका तांड्यावरच्या नाईकाची डिझेल जीप खड्ड्यात गेली की बंद पडायची. तीन मेकॅनिक झाले. उस्तादांनी जीपला हात लावला नाही. नाईकाला बाकड्यावर बसवलं, त्याच्या बायकोला वेगळं, लिंबाखाली बसवलं आणि तिला विचारलं, "बाई, तुमी बसल्यावर बटव्याचं काय करता?" ती म्हणाली, "अडकवते समोर." जुन्या जीपला इंजिन बंद करायची एक ओढायची गुंडी असते डॅशबोर्डखाली. बाईसाहेब गेले वर्षभर आपला जड बटवा त्या गुंडीला अडकवत होत्या. खड्डा आला की बटवा हिसका द्यायचा आणि जीप बंद! तेव्हापासून उस्ताद चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याची साक्ष जास्त मानायचे.

त्यातूनच वहीचं प्रकरण आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला शाळेची शंभर पानी वही दिली. प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की लिहायचं: जागा, वेळ, हवा, कोण कुठे बसलं होतं, काय बोलणं चाललं होतं, कुणी काय ऐकलं. मी चाळीस पार केलेला, दोन लेकरांचा बाप, भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून नोंदी करू लागलो. नमुना देतो: "मसोडच्या अलीकडे. दुपार. ऊन. पुढे बायको, मागे आई. विषय: माझ्या मेहुण्याने घेतलेली नवी गाडी." उस्ताद भिंग लावून हे वाचायचे आणि गाडी सोडून भलतीकडेच जायचे. "मेव्हण्याला मायलेज किती देते?" किंवा, "हितं वैनी रागावल्या म्हून लिव्हलं. मग मिटलं का न्हाई?" पुढच्या पानावर मिटल्याची नोंद सापडली की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. गाडीबद्दल मत एकच: "येऊन राहिलं ध्यानात. हळूहळू येऊन राहिलं."

माझ्याकडे हळूहळू वेळ नव्हता. कारण आईचा डोळा.

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्याचं आधीच फारसं काही चालत नव्हतं. शेजारणीला वाटीभर साखर म्हणून तिने मीठ दिलं. माझ्या सासऱ्यांना दारात बघून "दूध उद्या जास्त टाका" म्हणाली. हसून हसून आम्ही दमलो, पण एके सकाळी ती गॅसपुढे उभी राहून पेटलेली शेगडी हाताने चाचपताना दिसली आणि हसू संपलं. नांदेडला ऑपरेशनची तारीख घेतली. त्या दिवशी गाडी कळमनुरीच्या पुढे अशी बसली की दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. दुसरी तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. डॉक्टर म्हणाले, आता ही चुकवू नका, मोतीबिंदू कडक होत चालला तर काम अवघड होईल.

"आई, आपण भाड्याची गाडी करू," मी म्हणालो.

"मी न्हाई येणार. मागं त्या भाड्याच्या जीपमधी मला चक्कर आली अन् त्यानं गाडी थांबवली न्हाई. ह्यांच्या गाडीत नेशील तर येते. बसमधी तर बोलूच नको." आणि मग शांतपणे, जे मला जास्त टोचलं: "आन् ह्या बारीबी बंद पडली तर राहू दे. तेवढंच नशिबात व्हतं समजंन. पुना तारीख मागू नको."

अशी परिस्थिती. मी उस्तादांकडे सहाव्यांदा गेलो तेव्हा जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. "उस्ताद, मंगळवारी आईला न्यायचंय. उघडा की बोनेट! काहीही बदला!"

"काय बदलू?"

"काहीही!"

"बदलाया सोपं हाय हो. इंजिन बदलतो, तुमाला बदलतो. तकलीफ कुठं हाय ते सांगा." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळवारी फाट्यावरूनच जाणार ना? मी सकाळपासून हितंच बसतो. अल्ला करो न् हितंच बंद पडो."

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी गाडी बंद पडावी म्हणून दुआ करणारा मेकॅनिक जगात दुसरा नसेल. मी रागाने गाडी काढली. दात ओठ खात, पहिल्यापासून तिसऱ्या गिअरपर्यंत.

मंगळवारी पहाटे निघालो. आदल्या संध्याकाळीच हिंगोलीत टाकी फुल करून ठेवली होती. आई मागे, उजव्या डोळ्यावर पदर धरून. बायको पुढे, मांडीवर फायलींची पिशवी, आणि डॅशबोर्डवर ती वही. हवा थंड होती. कळमनुरी गेलं. तीस किलोमीटर झाले, गाडी चालू. मसोड गेलं. बाळापूर गेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दृष्ट लागेल म्हणून दोघांनीही लगेच रस्त्याकडे नजर वळवली. फाटा दिसला. उस्ताद खरोखरच बाकड्यावर खिडकीकडे बसले होते. मी विजयी मुद्रेने हात हलवणार, एवढ्यात दोन गचके, एक उसासा, आणि गाडी त्यांच्या दुकानासमोर बरोबर जाऊन मेली.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागून आईचा आवाज आला, "झालं?" त्या एका शब्दात जे होतं ते मला आजही आठवू नये असं वाटतं.

उस्ताद मात्र उठले. नमाजाला उठावं तसे, सावकाश, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. "कुणी हात लावू नका," ते म्हणाले. मी उडी मारून बोनेटकडे धावलो. "उघडा! आता उघडा! बंद पडली ना तुमच्यासमोर! नऊच्या आत नांदेडला पोचायचंय!"

"वही," ते म्हणाले.

"अहो, वही कसली—"

"वही द्या."

बायकोने वही दिली. त्यांनी भिंग काढलं. मी फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रककडे असं बघत होतो की एखादा थांबला तर आईला त्यात घालून नेईन. उस्ताद पानं उलटत एका ठिकाणी थांबले. "हे खोडलं काहून?"

मी डोकावलो. महिनाभरापूर्वीची नोंद होती. "मागे आई. आई म्हणते" आणि पुढे गिरगटलेलं.

"काही नाही हो. आई काहीतरी म्हणाली होती, त्याचा काही संबंध नव्हता."

उस्तादांच्या चेहऱ्यावर मी राग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ते मला ओलांडून मागच्या दाराशी गेले आणि वाकून म्हणाले, "माय, गाडी बंद पडायच्या आधी तुमी काय ऐकता?"

आई म्हणाली, "मी तर दर बारीला सांगते भाऊ, पण हे पोरगं ऐकतंय का? माझ्या बुडाखाली टण्ण वाजतं. तेलाचा रिकामा डबा आवळल्यावानी. त्याच्यामागून गचके बसतेत. आत्ताबी वाजलं."

मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. उस्ताद सरळ झाले, बोनेटकडे ढुंकूनही न बघता गाडीच्या कडेला गेले, चावी मागितली आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

गाडीने श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. हुऽऽस्स करून एवढी लांब हवा आत गेली की शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मागोमाग आतून टण्ण असा आवाज आला, आवळलेला पत्रा जागेवर आल्याचा. "हेच! हेच ते!" आई ओरडली.

उस्तादांनी झाकण उलटं केलं. त्याच्या आत, दुहेरी घडी घालून, गोल कापून, व्यवस्थित बसवलेला एक प्लॅस्टिकचा तुकडा होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून उचलला. गुलाबी कॅरीबॅग. त्यावर अजून 'साडी सें' एवढी अक्षरं शाबूत होती.

"हे काय हाय, फोटोवाले?"

आता कबुली. अडीच महिन्यांपूर्वी झाकणाचं रबर गेलं होतं, आत पेट्रोलचा वास यायचा आणि आईला मळमळायचं. आई म्हणाली होती, लोणच्याच्या बरणीला लावतो तसं प्लॅस्टिक लाव की. मी लावलं, दुहेरी, आवळून, आणि वास थांबला. त्या जुन्या झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं, तेच मी बुजवलं होतं. पेट्रोल कमी होत जाई, टाकीत हवा जाईना, तीसेक किलोमीटरवर टाकी स्वतःलाच आवळून घेई आणि इंजिनाला थेंब मिळेनासा होई. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा झिरपायची आणि गाडी उठायची. आदल्या संध्याकाळी टाकी भरताना ते प्लॅस्टिक जरा सैल बसलं असणार, म्हणून त्या दिवशी ती तिसावर न अडता फाट्यापर्यंत पोचली. आणि मी पंपावर दर वेळी पोराला झाकणाला हात लावू न देता, स्वतः उतरून, ते प्लॅस्टिक जपून काढायचो आणि जपून बसवायचो. इतक्या प्रेमाने बसवलेली वस्तू 'नवीन काय केलं' या प्रश्नात मोडते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी हे सगळं सांगितलं. टपरीवरची माणसं जवळ येऊन ऐकत होती. मला वाटलं, आता उस्ताद मला फाट्यावर सोलणार. पण ते बाकड्यावर जाऊन बसले, गिऱ्हाइकाच्या जागेवर, खिडकीकडे नाही.

"पंप," ते म्हणाले. "मी तुमाला दर बारी आधी पंपावर धाडत व्हतो. तिथं तुमी झाकण खोलायचे. सहा बारी मीच तिला बरी करून माझ्यापुढं आणवली, आन् चहा ठेवून बघत बसलो." त्यांनी प्लॅस्टिकचा तो तुकडा गुडघ्यावर पसरून हाताने सपाट केला. पांढऱ्या पायजम्यावर पेट्रोलचा गोल डाग उमटला, त्यांच्या आयुष्यातला बहुधा पहिला.

आम्ही नऊला दहा मिनिटं असताना दवाखान्यात होतो. आईला आता भिंतीवरची पाल दिसते, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं, आणि फोटोत नवरीची नथ वाकडी असली तर स्टुडिओत येऊन सांगते. उस्तादांनी त्यानंतर वर्षभरात दुकान आवरलं आणि शिरड शहापूरला लेकाच्या शेतावर राहायला गेले. दुकान होतं तोवर त्यांनी गिऱ्हाइकांना पंपावर धाडायचं मात्र बंदच ठेवलं होतं, आणि आलेल्या प्रत्येक गाडीचं पेट्रोलचं झाकण ते आधी स्वतः उघडायचे. बोनेट बंदच.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही अजून फाट्यावरच होतो. गाडी चालू झाली होती, भोक मोकळं झालं होतं, उस्ताद मान खाली घालून बसले होते आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होतो. आईने काच खाली केली, आवाजाच्या अंदाजाने बाकड्याकडे तोंड केलं, माझ्या दिशेला बोट दाखवलं, ते चुकून एका म्हशीवर गेलं, आणि भर फाट्यावर म्हणाली:

"भाऊ, गाडीचं झालं. आता ह्याचंबी झाकण उघडून बघा एकदा!"